एकेचाळीस नंबरची हजेरी

आमच्या वर्गात नावं चालत नव्हती, नंबर चालायचे. आठवी ते दहावी आम्हाला एकच वर्गशिक्षक होते, गणिताचे. हजेरी घेताना ते नुसते आकडे पुकारायचे आणि पुढं दिवसभर तेच चालू राहायचं. "सत्तावीस, फळ्याकडं ये." "बारा, तोंड बंद." आधी मुलगे, मग मुली, असा क्रम. आम्हालाही त्याची इतकी सवय लागली की नळावर, मैदानात, डबा खाताना आम्ही एकमेकांना आकड्यानंच हाक मारायचो. दारात येऊन कुणी "एकोणीस हाय का?" म्हटलं की एकोणीसची आई समजायची, शाळेतलं पोरगं आलंय.

त्यामुळं शाळा सोडून वीस वर्षं झाल्यावर सातनं व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाचा ग्रुप काढला, तेव्हा कुणी नाव-आडनावानं ओळख दिली नाही. सातचं बदनापूरला बी-बियाणांचं दुकान आहे. शाळेत तो मॉनिटर होता आणि आता आपण होऊनच बॅचचा अध्यक्ष झाला होता. त्यानं लिहिलं, "हजेरी सुरू. नंबर टाका आन हजर म्हणा. उशिरा येणाऱ्याला मैदानाला पाच चकरा."

मी जालन्यात सरकारी कचेरीत क्लार्क आहे. दुपारी डबा खाता खाता मी लिहिलं, "४१ हजर."

दोन दिवसांत सगळे नंबर लागले. दुबईला गेलेला पंधरा लागला, पुण्यात कंपनीत असलेली छत्तीस लागली. तेवीस आमच्यात राहिला नव्हता. चार वर्षांमागं मोटारसायकलवरून गेला. सातनं त्याच्या नंबरापुढं हात जोडलेलं चित्र टाकलं आणि लिहिलं, "तेवीस कायम हजर." त्यावर सगळ्यांनी हात जोडले. मग त्यानं जाहीर केलं, "पंचेचाळीसपैकी पंचेचाळीस. शंभर टक्के हजेरी! आपल्या बॅचसारखी बॅच जिल्ह्यात न्हाई." दिवाळीच्या सुट्टीत शाळेतच मेळावा घ्यायचा ठरलं आणि प्रत्येकानं जुने फोटो, वह्या, जे काही सापडेल ते काढून ठेवायचं ठरलं.

मला जुन्या वस्तू काढायला आवडतं, कारण माझ्याकडं दाखवण्यासारखं आहे. माझे वडील मेंढरं राखायचे. आमच्या भावकीत पदवीचा कागद पहिल्यांदा घरात आला तो माझा. बी.ए. दुसऱ्या वर्गात. लोक हसतात, पण माझ्या दारावरच्या पाटीवर नावापुढं बी.ए. लिहिलेलं आहे, आणि ते मी लिहायला लावलंय. वडिलांना वाचता येत नव्हतं तरी येता-जाता ते त्या दोन अक्षरांवर बोट ठेवायचे. तर त्या कागदांच्या पत्र्याच्या पेटीत मी फोटो शोधत होते आणि हाताला नववीचं प्रगतिपुस्तक लागलं. वर हजेरी क्रमांकाच्या चौकटीत सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, बेचाळीस.

मला वाटलं, सरांची चूक झाली असंल. मग आठवीचं काढलं. तिथंही बेचाळीस. दहावीच्या कागदावर मात्र एकेचाळीस.

दोन वर्षं ज्या नंबरानं हाका ऐकल्या, तो मी साफ विसरले होते. म्हणजे एकेचाळीस नंबर माझा नव्हताच. तो माझ्या आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता, आणि ते कोण हे मला एका क्षणात आठवलं. दीड वर्ष एका बाकावर बसलो होतो आम्ही.

तिचे वडील गादीवाले होते. कापूस पिंजायचं मशीन हातगाडीवर घेऊन गावोगाव फिरायचे. घरी ते लोक उर्दू बोलायचे, शाळेत ती आमच्यासारखं मराठी बोलायची, आणि घाई झाली की दोन्ही एकत्र. तिच्या केसांत, कानामागं, कॉलरवर कायम कापसाची फुलं. प्रार्थनेच्या रांगेत ती माझ्या पुढं असायची आणि "खरा तो एकचि धर्म" संपेपर्यंत मी ती वेचून काढायची. गणितात तिचा हात कुणी धरत नव्हतं. सर फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवायच्या आत ती उत्तर सांगायची आणि सर म्हणायचे, "एकेचाळीस, मला निदान लिहू तर दे." मी तिची गणितं बघून उतरवायची, ती माझे निबंध. दोघींनाही त्यात काही गैर वाटत नव्हतं.

नववीत सहामाही झाली आणि ती यायची बंद झाली. थंडीच्या तोंडावर लोक गाद्या भरून घेतात, तो त्यांचा हंगाम. वडील सगळं घर घेऊन विदर्भाकडं गेले होते, एवढंच कळलं. हंगाम संपला, ती आली नाही. पुढं कुणीतरी सांगितलं, तिकडंच लगीन झालं. जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला. सरांनी पहिल्या दिवशी पुकारलं, "एकेचाळीस," आणि माझ्याकडं बघितलं. मी उठून "यस सर" म्हटलं. त्या वर्षी वर्गातून गळालेली ती एकटीच होती, म्हणून तिच्या खालच्या आम्ही मुली एकेक नंबर वर सरकलो होतो. मला तेव्हा त्यात काहीच वाटलं नव्हतं.

पंचेचाळीसपैकी पंचेचाळीस कसे भरले, ते आता कळलं. यादी दहावीची होती. मेलेल्या माणसाचीही हजेरी आम्ही धरली, आणि तिचा नंबर मी स्वतः हजर म्हणून लावून टाकला होता. मग कुणाच्या लक्षात येणार!

मी ग्रुपवर लिहिलं, "आपली खरी एकेचाळीस राहिली. गादीवाल्याची मुलगी. कुणाला ठावठिकाणा माहीत आहे का?"

सातचा लगेच फोन आला. "बाई, कामून गोंधळ घालून राह्यली? नववीत गेली ती दहावीच्या बॅचची कशी? मी पंचेचाळीस सन्मानचिन्हं करायला टाकले, बॅनर छापून आलं."

"बॅनरवर नंबर छापलेत का?"

"न्हाई."

"मग अडचण काय?"

"अडचण काही न्हाई, पण एक शिस्त असते. मंग आठवीत गेले त्यांनाबी बोलवायचं का? पाचवीत गेले त्यांना?"

फोन ठेवून सातनं हेच ग्रुपवरही लिहिलं, तर लगेच खाली एकोणीसचा आवाज आला. एकोणीस भोकरदन भागात काळीपिवळी जीप चालवतो आणि टाइप करायचा कंटाळा म्हणून कायम बोलूनच निरोप टाकतो. मागं हॉर्न, पॅसेंजरची कलकल. "अरे सात, तेवीस मेला तरी हजर, आन जितं माणूस गैरहजर? भारी हाय तुझं रजिस्टर. बाई, बाप गादीवाला होता म्हणणारी एक पिंपळगाव रेणुकाईला ऱ्हाती, तीच असंल. माझ्या पोरांचे ड्रेस तीच शिवती. मला बारा वर्षांत माहीत न्हाई की ती आपली एकेचाळीस. मी तिला भाभी म्हणून राह्यलो."

पुढच्या रविवारी मी गेले. भोकरदनपासून एकोणीसच्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर. त्यानं मला बाजाराच्या कोपऱ्यावर सोडलं आणि तिचं दार दाखवून निघून गेला, त्याला परतीची सीटं भरायची होती.

बाहेरच्या खोलीत दोन शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले खाकी आणि आकाशी गणवेश. एका मशीनवर ती, आणि दाराशी टेबल लावून तिचा नवरा इस्त्री करत होता. तिनं मान वर केली, चष्म्यावरून बघितलं आणि पाय थांबवला.

"बेचाळीस?"

वीस वर्षांत मला त्या आकड्यानं कुणी हाक मारली नव्हती. मी मान हलवली.

"जाडी झालीस गं," ती म्हणाली. "बस. सुनो जी, चाय रखो. मेरी बाकवाली आयी."

चहा झाला, पोरंबाळं विचारून झाली. तिला दोन मुलं, मोठा जालन्यात आयटीआयला. मी माझं सांगितलं, बी.ए. सांगितलं, नोकरी सांगितली. मग ग्रुपचं सांगितलं, आणि लपवायचं नाही म्हणून हेही सांगितलं की दहावीत तिचा नंबर मला मिळाला, म्हणून तिची आठवण कुणाला झाली नाही.

"मंजे माझ्या जागेवर तू बसलीस."

"जागेवर नाही. नंबरावर."

"एकच झालं की," ती म्हणाली आणि हसली. मग टेबलावरचा एक सदरा उचलून त्याची कॉलर मला दाखवली. "ही कॉलर बघ. कुठं टाका दिसतो का? या गावात जी बाई मशीन चालवती ती माझ्या हाताखालून गेली. आता तालुक्याला बायांना शिवणकाम शिकवायचा वर्ग निघाला. मी गेल्ते. त्यांनी माझं काम बघितलं, वा वा केली आन मंग म्हणे दहावीचा कागद द्या, शिकवणारी दहावी पास पाहिजे. मी म्हटलं नववी. म्हणे सॉरी. मंग कोण लागली माहीत का? जिला मी काज करायला शिकवलं, ती. तिथं सगळे तिला मॅडम म्हणतात."

नवऱ्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "दो दिन खाना नै खायी ये," तो म्हणाला.

"तुम्ही गप बसा. खाल्लं की मी."

हे माझ्या रोजच्या कामातलं होतं. फॉर्म, दाखला, मुदत यांत माझी हयात चालली आहे. मी म्हटलं, "अगं मग सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून बसायचं दहावीला. वयाची अट नाही. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो मी काढून देते. गणित तर तुझं तयारच आहे. पुढच्या वेळी तो वर्ग निघाला की तू त्यांच्या तोंडावर कागद टाक." आणखीही पुष्कळ बोलले असेन. माझ्या वडिलांचं सांगितलं, पाटीचं सांगितलं, घरात वीज नसताना कंदिलाच्या उजेडात मी कसा अभ्यास केला ते सांगितलं.

ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "बोलून झालं?"

"झालं."

"तू साहेबीण झालीस, चांगलं झालं. मला बराबर आनंद झाला. पण वीस वर्षांनी तुला माझा नंबर आठवला, आता तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी परीक्षा देऊ का? पोरांच्या वयाच्या पोरांमधी बसून? न्हाई जमणार. चहा घेतलास, आता जेवून जा."

मी जेवले. तिनं खिचडा केला होता, तो चांगला झाला होता. तिचं खरं होतं. मी तिला भेटायला गेले होते की माझी चूक दुरुस्त करायला, हे मलाच नीट सांगता आलं नसतं. निघताना तिचा नवरा जीपपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "बाजी, उसकू थोडा टाइम दो. जो बात कू झट से 'ना' बोलती, वो बात उसके मन में रहती."

मी म्हटलं, "भाईजान, टाइम कुठं आहे? फॉर्मची शेवटची तारीख मेळाव्यानंतर तीन दिवसांनी आहे. हुकली की पुढचं वर्ष."

आठ दिवस काही नाही. तिला ग्रुपमध्ये घेतलं, तर ती तासाभरात बाहेर पडली. मेळाव्याच्या आदल्या गुरुवारी कचेरीत माझा फोन वाजला.

"बेचाळीस, ऐक. त्या मॅडमनं आज चार पोरी माझ्याकडं पाठवल्या. तिला शर्टाची कॉलर येत न्हाई, म्हणून. म्हणे दोन दिवस शिकवा, परीक्षा जवळ आली त्यांची. पोरींचा काय कसूर, शिकवली मी. पण रातभर झोप न्हाई. कॉलर मी शिकवायची आन सर्टिफिकेटवर सही तिनं करायची?"

मी समोरची फाइल मिटली. बोलले असते तर परत भाषण झालं असतं.

"त्या शाळेत दाखला भेटल का मला? मी तर सांगितल्याबिगर निघून गेल्ते."

"भेटेल."

"पक्कं?"

"प्रयत्न करते," मी म्हटलं. कचेरीत काम करणाऱ्यानं पक्कं म्हणू नये, हे मी शिकले आहे.

शाळेत फोन केला. तिथले बाबू म्हणाले, इतकं जुनं जनरल रजिस्टर कपाटात आहे, सुट्टी संपल्यावर या. सुट्टी संपेपर्यंत मुदत संपत होती. पण मेळाव्याला मुख्याध्यापिका येणार होत्या आणि कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडं असते, हेही त्याच बाबूंनी सांगितलं. म्हणजे जे काही व्हायचं ते रविवारीच.

रविवारी मैदानात मंडप, बॅनर, स्पीकर. सातनं पांढरा कडक सदरा घातला होता. मुली साड्या नेसून आल्या होत्या आणि एकमेकींचे पदर सारखे करत होत्या. सर आले. हातात काठी, कानात मशीन, पण आवाज तोच. एकोणीस सकाळीच जीप घेऊन पिंपळगावला गेला होता आणि तिला घेऊनही आला होता. पण ती मंडपात यायला तयार नव्हती. ऑफिसच्या व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली. "मी जेवायला न्हाई आले, कागद न्यायला आले. तुमचं होऊन जाऊ द्या," असं तिनं मला बजावलं.

सातनं कार्यक्रमात सगळ्यात आधी हजेरी ठेवली होती. सर खुर्चीवर बसले आणि यादी न बघता सुरू झाले. "एक." "यस सर." "दोन." "यस सर." चाळिशीकडं झुकलेले लोक शर्ट खोचून उभं राहायला लागले. तेवीसला सर थांबले, त्यांना ठाऊक होतं, आणि पुढं गेले. चाळीस झालं.

"एकेचाळीस."

मी उठले. "सर, माझा नंबर बेचाळीस. नववीपर्यंत बेचाळीसच होता. एकेचाळीस तिकडं व्हरांड्यात बसलीय."

सातनं कपाळाला हात लावला. सगळ्या माना वळल्या. ती लगबगीनं उठून खांबाआड जायला लागली, पण सर तोवर उठले होते. काठी टेकत ते मंडपातून निघाले ते थेट व्हरांड्यापर्यंत. आम्ही पाठीमागं. सरांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मला फळ्यावर लिहू न देणारी," ते म्हणाले. "कुठं गेल्ती तू?"

"गादीच्या गाडीवर, सर."

मुख्याध्यापिका मॅडम आमच्यापेक्षाही लहान होत्या. मी त्यांना सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं. रजिस्टर सापडायला वेळ लागला नाही. तिच्या नावाची ओळही लगेच सापडली. वडिलांचं नाव, जन्मतारीख, पाचवीत प्रवेश, सगळं ठीक. पण उजवीकडं शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण, हे दोन्ही रकाने कोरे होते.

मॅडमनी बोट तिथंच ठेवलं. "कागदोपत्री या अजून नववीतच आहेत."

एकोणीस मोठ्यानं हसला. "मंग भाभी, डबा आणायचा होता."

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. "कोऱ्या रकान्यावर मी दाखला देऊ शकत नाही. आणि मनानं तारीखही घालू शकत नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

त्यांचं बरोबर होतं. माझ्या टेबलावर असं प्रकरण आलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. तिनं पिशवी उचलली. "जाऊ द्या. मला वाटलंच होतं."

"थांब," सर म्हणाले. "हजेरीपत्रक काढा त्या वर्षाचं. माझ्या हातचं आहे."

हजेरीपत्रकं प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत गठ्ठे बांधून ठेवली होती. तिथं कोण जाणार, असं म्हणेपर्यंत सात गेलाही होता. अर्ध्या तासानं तो आणि एकोणीस बाहेर आले तेव्हा सातचा पांढरा सदरा ओळखू येत नव्हता. मिशीला जाळं लागलं होतं. मंडपात स्पीकरवर कुणीतरी सारखं विचारत होतं, अध्यक्ष कुठं आहेत, अध्यक्षांनी स्टेजवर यावं. अध्यक्षांनी नववीचं हजेरीपत्रक टेबलावर आपटलं आणि धुळीनं सगळेच शिंकले.

तिच्या नंबरापुढं ऑक्टोबरपर्यंत हजेरीच्या खुणा होत्या. दिवाळीनंतर लाल 'ग' सुरू झाला. नोव्हेंबर, डिसेंबर, पानं उलटत गेलो तसा एप्रिलच्या शेवटच्या दिवसापर्यंत रोजचा एक 'ग'. एकही चौकट रिकामी नाही.

"सर, रोज लिहायचे तुम्ही?" तिनं विचारलं.

"रोज पुकारायचो. वाटायचं, हंगाम संपला की येईल." सर खुर्चीत बसले. "जूनला नवीन पत्रक लिहायला घेतलं तेव्हा तुझं नाव गाळलं आणि खालच्या पोरी वर घेतल्या. रजिस्टरला नोंद करायची राहूनच गेली. घरी कुणाला तरी पाठवायला पाहिजे होतं, तेही केलं नाही. ती माझी चूक आहे."

"पाठवलं असतं तरी घरी कोण होतं, सर? कुलूप होतं."

"तरी पाठवायला पाहिजे होतं," सर म्हणाले.

मॅडमनी हजेरीपत्रक आपल्याकडं ओढलं. तारखेचा आधार मिळाला होता. सरांनी तिथल्या तिथं कोऱ्या कागदावर वर्गशिक्षक म्हणून लेखी दिलं. अक्षर माझ्या प्रगतिपुस्तकातलंच. मॅडम रजिस्टरात लिहायला लागल्या. तारीख लिहिली. मग कारणाच्या रकान्यात लिहिण्याआधी सवयीनं मोठ्यानं म्हणाल्या, "कारण, सतत गैरहजर."

"मॅडम, तसं लिहू नका," ती म्हणाली.

मॅडमनी पेन थांबवला.

"मी शाळा बुडवून कुठं भटकत नव्हते. बाप मशीन घेऊन गेला, घर त्याच्यासंगं गेलं. मी सहा महिने कापूस निवडला. जाताना बाकात वह्या तशाच ठेवून गेल्ते, परत यायचं म्हणून. तुम्ही गैरहजर लिहिलं तर पुढं जो वाचल तो म्हणल, उनाड होती."

मला लाज वाटली, कारण मी ते वाक्य रोज वाचते आणि आजवर कधी तिथं अडले नव्हते. सर मॅडमना म्हणाले, "पालकांचे स्थलांतर, असं लिहिता येतं. नियमात आहे. माझ्या कागदावर मी तसंच लिहिलंय."

मॅडमनी तेच लिहिलं. खाली प्रगती, 'चांगली'. वर्तणूक, 'चांगली'. सही, गोल शिक्का. तिनं दाखला दोन्ही हातांत धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग परत वाचला.

"वर्तणूक चांगली," सात म्हणाला. "माझ्या डब्यातलं लोणचं कोण खायचं मंग?"

"तूच भरवायचास, गणित दाखव म्हणून," ती म्हणाली.

सातनं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, बाहेर गेला आणि स्वतःचं सन्मानचिन्ह घेऊन आला. "हे तू घे. माझ्याकडून."

"मला नको बाबा. त्याच्यावर धूळ बसती, कोण पुसत बसंल. द्यायचंच तर पुस्तकं दे दहावीची."

"बिलकुल," सात म्हणाला. त्याची मुलगी गेल्या वर्षी दहावी झाली होती. पुस्तकं मंगळवारी एकोणीसच्या जीपमधून पोचली, त्यांना नवीन कव्हर घालून.

फॉर्म आम्ही सोमवारी भोकरदनला कॉम्प्युटरवाल्याकडं भरला. तिथल्या मुलानं मला विचारलं, विद्यार्थ्याचा फोटो आणला का, आणि तिनं पर्समधून स्वतःचा चष्म्यातला फोटो काढून त्याच्या समोर ठेवला. तो दोनदा फोटोकडं आणि दोनदा तिच्याकडं बघून कामाला लागला. फॉर्मची पावती तिनं मोबाइलमध्ये ठेवली नाही. घडी करून ब्लाऊजच्या मापाच्या वहीत ठेवली, कारण म्हणे ती वही कधी हरवत नाही.

त्या दिवसापासून ग्रुपवर एक नवीनच गंमत सुरू झाली. जो तो तिला शिकवायला उठला. ती परत ग्रुपमध्ये आली आणि आल्या आल्या तिनं सगळ्यांना झापलं. इंग्रजीला दोनदा बसलेल्या माणसानं इंग्रजी शिकवायचं नाही. विज्ञान छत्तीसनं फोनवर शिकवायचं, पण पुण्याचं पाणी आणि पुण्याची सासू यांवर बोलायचं नाही. मराठी आणि इतिहास मी. गणिताला कुणाची गरज नाही. पहिल्या रविवारी मी इतिहासाचं पुस्तक उघडलं, तर मला त्यातलं निम्मंही आठवेना. पुस्तक बदललं आहे, आणि जे नाही बदललं तेही मी विसरले आहे. ती म्हणाली, "बी.ए. ना गं तू?" तेव्हापासून शनिवारी मला घरी अभ्यास करावा लागतो.

नापास होईल की पास, ते मी सांगू शकत नाही. इंग्रजीत ती अजून अडते. परवा सराव पेपरात तिला पस्तीसला तीन कमी पडले आणि तिनं तो पेपर चुरगाळून कोपऱ्यात टाकला, मग उठून तो सरळ करून चुका बघत बसली. परीक्षेला अजून तीन महिने आहेत.

गेल्या रविवारी गेले तर दारावर एक पुठ्ठा टांगलेला दिसला. तिच्याच हातचं अक्षर, स्केचपेननं: "दुपारी एक ते चार शिलाई बंद राहील." पुठ्ठ्याखाली तिचा नवरा इस्त्री करत होता आणि एक बाई नातवाची चड्डी हातात घेऊन त्याच्याशी भांडत होती. नुसतं बटण लावायचं होतं, पाच मिनिटांचं काम, घरात माणूस बसलेलं दिसतंय, मग बंद कामून?

"अभ्यास चालू हाय," तो म्हणाला.

"पोराचा?"

"न्हाई. तिचाच."

बाईनं त्याच्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. ती पाटावर पुस्तक घेऊन ओठांनी इंग्रजी शब्द पाठ करत बसली होती. तिनं पुस्तकातून बोट काढलं नाही.

"मावशी, चारनंतर या," ती म्हणाली. "आन तू का दारात उभी राह्यलीस? एक वाजून गेला."

मी चप्पल काढून आत गेले.